मोबाईल ॲपचा दर्शनी पडदा : एक भाषिक विचार

मोबाईलवरील एखाद्या ॲपच्या चिन्हास बोट लावल्यापासून त्याचे पहिले कामाचे पान दिसू लागेपर्यंत जो क्षणभराचा पडदा समोर येतो, त्यास संकल्पकांच्या व्यवहारात 'स्प्लॅश स्क्रीन' म्हणतात. मराठी रंगभूमीने 'दर्शनी पडदा' हा शब्द फार पूर्वीच सिद्ध करून ठेवला असल्यामुळे येथे तोच योजला आहे. या पडद्याचा विचार आजवर बहुधा रंग, आकार आणि वेळ यांच्या अंगाने झाला. तो एक भाषिक व्यवहारही आहे, याकडे मात्र दुर्लक्ष झालेले दिसते.

दारावर थाप पडली असता आतून 'आले हं!' असा आवाज येतो. या उद्गारात माहिती जवळजवळ नसते. घरात कोणी आहे आणि थाप ऐकू गेली आहे, एवढेच त्यातून कळते. पण तेवढे न कळले तर बाहेरचा मनुष्य पुन्हा थाप मारतो किंवा निघून जातो. मालिनोव्स्की यांनी १९२३ मध्ये अशा भाषणाचे वेगळेपण दाखविले, आणि याकोब्सन यांनी १९६० मध्ये संपर्क राखणे हे भाषेचे एक स्वतंत्र कार्य मानले. दर्शनी पडदा याच कोटीतला होय. तो मुका राहिला तर वापरणारा दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा बोट लावतो.

आता प्रचलित शास्त्र काय सांगते ते पाहू. ॲपल कंपनीच्या मार्गदर्शिकेनुसार हा पडदा पहिल्या पानासारखाच दिसावा, त्यावर जाहिरात नसावी आणि अक्षरेही नसावीत. कारण या पडद्यावरील मजकूर स्थिर असल्याने त्याचे भाषांतर होत नाही. गूगलने २०२१ मध्ये अँड्रॉइडच्या बाराव्या आवृत्तीपासून हा पडदा यंत्रणेच्याच हाती घेतला. मध्यभागी चिन्ह, मागे एक रंग, आणि हवी असल्यास तळाशी एक आडवी नाममुद्रा, अशी त्याची ठरीव मांडणी आहे. चिन्ह हलते असल्यास ती हालचाल एका सेकंदाच्या आत संपावी, अशी शिफारस आहे. नाममुद्रेची सोय देऊनही ती शक्यतो वापरू नये असेच ही मार्गदर्शिका सुचविते. म्हणजे दोन्ही शास्त्रांचा कल मौनाकडे आहे.

या मौनामागील एक कारण निर्विवाद आहे. संगीत नाटकात तिसरी घंटा होऊन नांदी सुरू होई. 'प्रभात'च्या बोलपटाआधी तुतारी फुंकणारी स्त्री पडद्यावर येई. १९२९ मध्ये कोल्हापुरात निघालेल्या आणि १९३३ मध्ये पुण्यास आलेल्या त्या कंपनीची ती मुद्रा महाराष्ट्राच्या स्मरणात राहिली, याचे श्रेय केवळ तिच्या रेखाटनास देता येणार नाही. तिकीट काढून, अंधारात स्थिर बसलेल्या प्रेक्षकाला ती दिसत असे. त्याच्या दृष्टीने ते थांबणे हा समारंभाचाच भाग होता. बसची वेळ पाहण्यासाठी दिवसातून चारदा ॲप उघडणाऱ्याचा समारंभ कसला? तरीही अनेक ॲपांत काम तयार असूनही बोधचिन्ह दोन-तीन सेकंद मुद्दाम रोखून धरलेले आढळते. ही नांदी नव्हे, अडवणूक आहे.

दुसरे कारण मात्र तपासून घ्यावे लागेल. अक्षरे गाळली म्हणजे पडदा भाषानिरपेक्ष होतो, असे हे शास्त्र गृहीत धरते. प्रत्यक्षात अक्षरे जातात ती वाक्याची. बोधचिन्हातली राहतातच, आणि ती बहुधा रोमन असतात. शिवाय चित्ररूप मजकूर बदलता येत नाही, हा युक्तिवाद नाशिकमध्ये तरी पटण्यासारखा नाही. त्र्यंबकेश्वरी जन्मलेल्या दादासाहेब फाळके यांनी आपले बरेचसे मूकपट नाशिकला निर्माण केले. मूकपटातील पाटी म्हणजे चित्र म्हणून टिपलेला मजकूरच. तरीही त्या काळचे निर्माते एकाहून अधिक भाषांत पाट्या देत, आणि प्रेक्षागृहातील साक्षर मनुष्य त्या इतरांसाठी मोठ्याने वाची. फाळक्यांच्या १९१९ च्या 'कालिया मर्दन'च्या आरंभी तर कथेपूर्वी बालनटी मंदाकिनीचे मुखाभिनय दाखविले आहेत. समोर कोण येणार, याची ती थेट ओळख होती. अँड्रॉइडवर भाषेनुसार निराळे चित्र ठेवण्याची सोय आहे. मराठी फोनवर मराठी नाममुद्रा दिसू शकते. तशी ती दिसत नसेल तर दोष यंत्राकडे जात नाही. अडचण आहे ती एवढीच, की ॲपचा स्वतःचा कार्यक्रम जागा होण्यापूर्वीच यंत्रणा हा पडदा मांडते. त्यामुळे ॲपच्या आत निवडून साठविलेली भाषा तेव्हा ठाऊक नसते, फोनची भाषाच प्रमाण ठरते.

लिपीचा प्रश्न यापेक्षा सूक्ष्म आहे. मधले चिन्ह आपल्या चौकटीच्या दोन-तृतीयांश व्यासाच्या वर्तुळातच दिसते. बाहेरचे कापले जाते. रोमनमध्ये संकल्पक नावाचे आद्याक्षर घेऊन मोकळा होतो. मराठीत आद्याक्षर म्हणजे सुटे व्यंजन नव्हे, स्वरासहित अक्षर. नाशिकच्याच कुसुमाग्रजांचे नाव घ्यावे. 'वि. वा.' या संक्षेपातील दोन अक्षरे मराठीत स्वरचिन्हांमुळे भिन्न आहेत. रोमन संक्षेपात तेच एक अक्षर दोनदा येते. असे असता देवनागरी चिन्ह रेखाटताना पुष्कळदा मात्रा वा वेलांटी गाळून नुसते व्यंजन ठेवले जाते, किंवा वर्तुळ भरण्यासाठी अक्षर एवढे मोठे केले जाते की वेलांटीचा माथा आणि शिरोरेषेची टोके छाटली जातात. पहिल्या प्रकारात नाव चुकते, दुसऱ्यात अक्षर विद्रूप होते. देवनागरी शब्दाला शिरोरेषेमुळे आडवा विस्तार लागतो. तळाच्या नाममुद्रेची चौकट रुंदीला दोनशे व उंचीला ऐंशी एकके, म्हणजे पाचास दोन या प्रमाणाची असते. तीत वर-खाली मोकळी जागा सोडून एक मराठी शब्द नीट बसतो. जी जागा शास्त्र टाळावयास सांगते, तीच मराठीला सोयीची ठरावी, ही गोष्ट नमुन्यादाखल कोणती लिपी घेतली होती हे उघड करते.

२०१५ च्या सिंहस्थाच्या निमित्ताने नाशिकमध्ये 'कुंभथॉन' नावाने तरुण तंत्रज्ञांच्या कार्यशाळा झाल्या. एमआयटीच्या मीडिया लॅबमधील, मूळचे नाशिकचे रमेश रासकर यांचा त्यात पुढाकार होता. त्यानंतरचा सिंहस्थ २०२६-२७ चा. गर्दीत संपर्कजाळे मंदावते आणि यात्रेकरूच्या हाती जुना फोनही असू शकतो. बंद ॲप उघडण्यास पाच सेकंद वा अधिक लागणे गूगलच्या मोजमापात अतिरेकी ठरते; रामकुंडाच्या वाटेवर सोबत्यांपासून चुकलेल्या वृद्धेस ते पाच सेकंद यंत्र बंद पडल्यासारखे भासतील.

तेव्हा यंत्रणेचा पडदा सरताच, माहिती येईतो, ॲपने स्वतःच्या पानावर बोलले पाहिजे. सध्या तेथे 'कृपया प्रतीक्षा करा' हे वाक्य ठेवण्याचा प्रघात आहे. व्याकरणदृष्ट्या ते शुद्ध आहे; पण ते आज्ञार्थी असून त्याचा कर्ता वाचणारा आहे. यंत्राने काय चालविले आहे, हे त्यात येतच नाही. 'लोड होत आहे' यात कर्ताच हरवतो. काय लोड होत आहे, हे ज्याने ॲप रचले त्यालाच ठाऊक. उलट 'बसची वेळ पाहत आहे' किंवा 'जवळचे मदत केंद्र शोधत आहे' या वाक्यांत थाप ऐकू गेल्याची खूण आहे आणि कामाचे नावही आहे. मराठीची येथे आणखी एक सोय होते. 'पाहतो' वा 'पाहते' म्हटले की बोलणाऱ्याचे लिंग ठरवावे लागते आणि यंत्राला पुरुष वा स्त्री बनवावे लागते. 'पाहत आहे' या अपूर्ण वर्तमानकाळी रूपात तो प्रश्नच उद्भवत नाही.