स्वभावाचे सोळा सांचे

मनुष्यस्वभावाची पारख करण्याचा छंद फार जुना आहे. थिओफ्रास्टस या ग्रीक पंडितानें तीस प्रकारच्या माणसांचीं शब्दचित्रें रेखाटलीं. आमच्या नाट्यशास्त्रज्ञांनीं नायकांचे धीरोदात्त, धीरललित, धीरप्रशांत व धीरोद्धत असे चार वर्ग पाडले. वैद्यांनीं वात, पित्त आणि कफ यांवरून प्रकृति ठरविली. आणि ज्यांस एवढा खटाटोप नको होता त्यांनीं रास विचारून काम भागविलें. गेल्या पंचवीस वर्षांत या छंदास एक नवें क्रीडांगण लाभलें आहे. १९९९ सालीं हॉलंडमध्यें 'बिग ब्रदर' हा कार्यक्रम दूरचित्रवाणीवर सुरू झाला. अनोळखी माणसें एका घरांत कोंडावीं, रात्रंदिवस कॅमेऱ्यांनीं त्यांवर नजर ठेवावी, आणि एकेकास बाहेर काढीत शेवटीं एकास विजयी ठरवावें, ही त्याची कल्पना. तिचीच संतति २००६ सालीं हिंदींत आणि २०१८ सालीं मराठींत 'बिग बॉस' या नांवानें आपल्या घरांत आली. असे 'रिॲलिटी शो' पाहतांना पुष्कळ प्रेक्षकांत, विशेषतः अमेरिकेंतील तरुण मंडळींत, एक निराळाच खेळ चालतो. कोण जिंकेल हें ओळखावयाचें नाहीं, तर कोणता स्पर्धक कोणत्या स्वभावजातीचा हें ओळखावयाचें. या खेळाचे गुणदोष पाहावे एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

खेळाची परिभाषा बहुधा मायर्स-ब्रिग्ज पद्धतीची असते. मनुष्य अंतर्मुख कीं बहिर्मुख, प्रत्यक्ष तपशिलावर भिस्त ठेवणारा कीं अंतःस्फूर्तीवर, तर्कानें निर्णय घेणारा कीं भावनेनें, आणि आयुष्य आंखून जगणारा कीं येईल तसें घेणारा, असे चार प्रश्न विचारावयाचे. प्रत्येकाचीं उत्तरें दोन. म्हणून एकंदर सांचे सोळा. प्रत्येक सांच्यास चार इंग्रजी अक्षरांचें नांव आहे, आणि 'हा आय-एन-टी-जे दिसतो', 'छे, हा तर ई-एन-टी-पी' अशा भाषेंत वाद रंगतात.

या पद्धतीचा उगमही लक्षांत घेण्याजोगा आहे. कार्ल युंग यांचा स्वभावजातींवरील ग्रंथ १९२१ सालीं निघाला. त्याच्या आधारें कॅथरिन ब्रिग्ज आणि त्यांची कन्या इझाबेल मायर्स या अमेरिकन मायलेकींनीं दुसऱ्या महायुद्धाच्या काळांत एक प्रश्नावली रचण्यास आरंभ केला. ती १९६२ सालीं प्रसिद्ध झाली. दोघींपैकीं कोणींही मानसशास्त्राचें रीतसर शिक्षण घेतलेलें नव्हतें. इझाबेल मायर्स यांनीं मात्र त्यापूर्वीं एक रहस्यकादंबरी लिहून बक्षीस मिळविलें होतें. हा योगायोग आम्हांस अर्थपूर्ण वाटतो. बारीकसारीक खुणांवरून अपराधी हुडकण्याचा आनंद आणि तशाच खुणांवरून स्वभाव हुडकण्याचा आनंद हे एकाच जातीचे आहेत, आणि दूरचित्रवाणीपुढें बसलेला प्रेक्षक त्या आनंदाचाच धनी असतो.

हा आनंद आम्ही क्षुद्र मानीत नाहीं. या खेळास जो खरोखर लागतो त्याला बारकाईनें पाहावें लागतें. भांडण झाल्यावर अमका एकटा जाऊन बसला कीं चार जणांत मिसळून मोकळा झाला, बेत आधीं ठरवून बोलला कीं बोलतां बोलतां बेत सुचला, हें टिपावें लागतें. नुसतें 'मला तो आवडत नाहीं' म्हणून भागत नाहीं. दुसऱ्यानें विरुद्ध मत मांडलें तर आधार द्यावा लागतो. म्हणजे आवडनिवड मागें टाकून पुराव्याकडे वळणें ही जी टीकेची पहिली पायरी, ती हा खेळ कळत न कळत चढवितो. जीं मुलें कादंबरींतील पात्राविषयीं दोन ओळी लिहावयास कंटाळतात, तींच एखाद्या स्पर्धकाच्या अंतर्मुखतेवर तासभर वाद घालतात. शिक्षकांनीं या उत्साहाचा उपहास करूं नये. त्याचा उपयोग करावा.

परंतु टीकेची दुसरी पायरी अशी कीं, पुरावा कोणीं पुढें केला हें विचारावें. तेथें हा खेळ बहुधा अडखळतो. 'सर्व्हायव्हर' या कार्यक्रमाचें पहिलें अमेरिकन पर्व पाहा. बोर्निओजवळच्या पुलाउ टिगा बेटावर १६ स्पर्धक उतरले. सोळा सांचे आणि सोळा माणसें, असा हा मोहक योग! ३९ दिवस तीं माणसें तेथें राहिलीं. चित्रण वसंतऋतूंत आटोपलें, आणि ३१ मे २००० पासून २३ ऑगस्टपर्यंत तेरा भागांत तें दाखविण्यांत आलें. रिचर्ड हॅच हा गृहस्थ चार विरुद्ध तीन मतांनीं जिंकला. थंड डोक्याचा, डाव आंखणारा म्हणून त्याची ख्याति झाली, आणि तर्कनिष्ठ सांच्याचा नमुना म्हणून त्याच्याकडे बोट दाखविणें सोपें झालें.

आतां थोडें गणित करूं. ३९ दिवसांचे तास ९३६. प्रेक्षकास त्यांतून दिसले ते फार तर चौदा-पंधरा. उरलेले नऊशेंहून अधिक तास ज्यानें वगळले तो संकलक या नाटकाचा अदृश्य नाटककार होय. शिवाय पहिल्या भागाची कात्री चालविली जात असतां शेवटचा निकाल निर्मात्यांस ठाऊक होता. जिंकणाऱ्याचे डावपेच ठळक करावे आणि हरणाऱ्याचे गाळावे, हा मोह अशा वेळीं कोणास आवरेल? हॅच डाव आंखीत होता यांत शंका नाहीं. परंतु झोपडींत पडल्या पडल्या आणखी कोण काय आंखीत होतें हें आपणांस कसें कळावें? सारांश, प्रेक्षक ज्याला मनुष्य समजून सांच्यांत बसवितो तें एक पात्र असतें. जिवंत माणसाच्या कातड्याचें, पण संकलकाच्या हातचें. नाटकांतील पात्राचा स्वभाव ठरवितांना आपण नाटककारास विसरत नाहीं. येथें मात्र विसरतों, कारण त्याचें नांव जाहिरातींत नसतें.

दुसरी अडचण सांच्यांचीच आहे. १९४८ सालीं बर्ट्रम फोरर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानें आपल्या ३९ विद्यार्थ्यांची स्वभावपरीक्षा घेतली आणि प्रत्येकास त्याचें म्हणून एक स्वभाववर्णन दिलें. तें कितपत जुळतें याबद्दल विद्यार्थ्यांनीं पांचांपैकीं सरासरी चारांहून अधिक गुण दिले. वस्तुतः सर्वांस दिलेलें वर्णन एकच होतें, आणि त्यांतील वाक्यें भविष्याच्या पुस्तकांतून उचललेलीं होतीं! तुम्ही बाहेरून खंबीर पण आंतून साशंक आहां, असें सांगितलें तर नाहीं कोण म्हणेल? सोळा सांच्यांचीं वर्णनें इतकीं पोकळ नाहींत. पण त्यांत स्तुतीचें साखरपाणी पुष्कळ आहे आणि वाईट सांचा एकही नाहीं. पुन्हां, बहुतेक माणसें दोन टोकांच्या मधोमध कोठें तरी असतात. त्यांस एका बाजूस ढकलल्याखेरीज अक्षर मिळत नाहीं. म्हणूनच कांहीं आठवड्यांनीं तीच परीक्षा दिली असतां पुष्कळांचें एखादें अक्षर बदलतें.

या दोन्ही अडचणी एका स्त्रीच्या चरित्रांत एकवटलेल्या दिसतात. जेड गुडी ही इंग्लंडमधील दंतवैद्याची मदतनीस २००२ सालीं तेथील 'बिग ब्रदर'मध्यें आली. ईस्ट अँग्लिया हा आपल्याच देशाचा भाग परदेशांत आहे असें तिला वाटे. तिच्या अज्ञानाची आणि रूपाची वर्तमानपत्रांनीं निर्दय थट्टा केली. पुढें तीच थट्टा मायेंत पालटली, आणि भोळी, बडबडी, मनांत येईल तें बोलणारी म्हणून ती लोकप्रिय झाली. २००७ सालीं ती प्रसिद्ध व्यक्तींच्या पर्वांत परत आली तेव्हां त्याच घरांत आपली शिल्पा शेट्टी होती. जेडनें आणि तिच्या सोबतिणींनीं शिल्पेस जी वागणूक दिली तिच्याविरुद्ध चाळीस हजारांहून अधिक तक्रारी झाल्या. वर्णद्वेषाचा तो वाद दोन्ही देशांच्या राजकारणापर्यंत पोंचला. शिल्पा विजयी झाली. जेड तिरस्कारास पात्र ठरली. २००८ च्या ऑगस्टमध्यें ती हिंदी 'बिग बॉस'मध्यें आली, आणि सूत्रधार होती शिल्पाच! तेथेंच कॅमेऱ्यासमोर तिला कर्करोग झाल्याची वार्ता कळली. २२ मार्च २००९ रोजीं, वयाच्या सत्ताविसाव्या वर्षीं, दोन लहान मुलगे मागें ठेवून ती वारली. आपलें मरणही तिनें लोकांसमोर मांडलें, मुलांच्या शिक्षणासाठीं पैसा मिळावा म्हणून. आणि त्या उघडेपणामुळें कितीएक तरुण स्त्रिया तपासणीस पुढें आल्या.

हिला कोणत्या सांच्यांत बसवावें? बहिर्मुख, भावनेच्या भरांत वाहणारी, आज आहे तें आज जगणारी, हीं अक्षरें कोणीही सांगेल, आणि तीं चुकणारही नाहींत. पण विचाराच्या आधीं धांवणारी जी जीभ २००२ सालीं निरागसता वाटली, तीच २००७ सालीं क्रौर्य ठरली आणि २००९ सालीं धैर्य झाली. अक्षरें तींच राहिलीं. मनुष्य कोठें होता, कोणासमोर होता आणि त्यानें काय निवडलें, एवढेंच बदललें. आपणांस जें जाणून घ्यावयाचें असतें तें नेमकें या बदलांत असतें, आणि त्याविषयीं सांचा मुका आहे. कोणी बोलका आहे हें तो सांगेल. तो बोलका मनुष्य दुबळ्याची थट्टा करील कीं त्याची बाजू घेईल, हें सांगणार नाहीं.

गडकऱ्यांच्या 'एकच प्याला'कडे पाहिलें म्हणजे हाच भेद आपल्या घरच्या उदाहरणानें स्पष्ट होतो. तळीराम रंगभूमीवर येतांच त्याची जात कळते, आणि ती कळण्यांतच त्याची मौज आहे. सुधाकराचें तसें नाहीं. पहिल्या अंकांतील मानी, बुद्धिमान वकील आणि अखेरचा उद्ध्वस्त दारुड्या यांस एकच चार अक्षरें लावतां येतील; पण ज्या क्षणीं त्यानें पहिला प्याला तोंडास लावला त्या क्षणाचा उलगडा त्या अक्षरांनीं होणार नाहीं. फॉर्स्टर या इंग्रज कादंबरीकारानें १९२७ सालीं पात्रांचे सपाट आणि भरीव असे दोन वर्ग केले. सांच्यांचा खेळ सपाट पात्रांस शोभतो. दूरचित्रवाणीचा संकलक भरीव माणसांस सपाट करून आपल्यापुढें ठेवतो, म्हणून तो खेळ तेथें इतका सहज साधतो.

यावर कोणी म्हणेल, 'अहो, गंमत आहे. गमतीला एवढें गांभीर्य कशास?' गंमत गंमत राहती तर आमचें कांहीं म्हणणें नव्हतें. पण संवयी घरांतून बाहेर पडतात. पडद्यावरील अनोळखी माणसास तासाभरांत ओळखण्याची ज्यास संवय जडली, तो नव्या सुनेस, हाताखालच्या कारकुनास किंवा वर्गांतील अबोल मुलास किती वेळ देईल? मायर्स-ब्रिग्ज परीक्षा कचेऱ्यांतून पूर्वीच शिरली आहे. पत्रिकेच्या छत्तीस गुणांशीं झगडून जे थकले त्यांनीं आतां चार अक्षरांची नवी पत्रिका घरांत आणावी, हें उचित नव्हे. शिवाय पडद्यावरचा मनुष्यही कार्यक्रम संपल्यावर घरीं परततो. त्याला दुकानांत, गाडींत, मुलाच्या शाळेंत लोक भेटतात, आणि ते त्याला पूर्वीच ओळखून बसलेले असतात.

खेळ बंद करावा असें आम्ही म्हणत नाहीं. त्यांत दोन नियमांची भर घालावी. पहिला: स्वभावाचा निर्णय देण्यापूर्वीं, आपणांस जें दाखविलें नाहीं तें काय असावें, याचा तर्क प्रत्येकानें एकदां करावा. दुसरा: सबंध पर्वांत आपल्या अंदाजाविरुद्ध गेलेला निदान एक प्रसंग प्रत्येकानें टिपून ठेवावा आणि तो सर्वांपुढें मांडावा. घरांतील तरुण मंडळी हे नियम पाळतील तर त्यांचे वाद अधिक लांबतील, हें खरें. पण त्या लांबलेल्या वादांत एखादा मनुष्य सांच्याबाहेर डोकें काढतांना दिसला, तर त्या रात्रीचा कार्यक्रम पाहिल्याचें सार्थक झालें असें समजण्यास हरकत नाहीं.