ग्रिफिथ्स यांचा अजिंठा-चित्रसंग्रह : नक्कल आणि जतन

जॉन ग्रिफिथ्स यांचा अजिंठ्याच्या भित्तिचित्रांवरील द्विखंडात्मक ग्रंथ १८९६–९७ मध्ये प्रसिद्ध झाला. अजिंठ्याच्या अभ्यासकास तो टाळता येत नाही. तथापि त्याची थोरवी सांगताना मूळ चित्रांना काय सोसावे लागले, याचाही हिशेब मांडणे आवश्यक आहे.

ग्रंथामागील प्रेरणा जतनाचीच होती. रॉबर्ट गिल यांनी १८४४ नंतर केलेल्या नकलांपैकी बहुतेक १८६६ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमधील आगीत जळाल्या. पुढे १८७२ पासून १८८५ पर्यंत मुंबईच्या कलाशाळेतील ग्रिफिथ्स व त्यांच्या विद्यार्थ्यांनी हे काम नव्याने केले. पेस्तनजी बोमनजी त्यांपैकीच एक. १८८५ मध्ये साउथ केन्सिंग्टन येथील आगीत यांपैकीही अनेक नकला नष्ट झाल्या. यामुळे ग्रंथाचे मोल वाढले. त्यातही नक्षीकामास वाहिलेला दुसरा खंड विशेष मोलाचा आहे; छतावरील वेलबुट्टी, फळे व पशुपक्षी यांस स्वतंत्र अभ्यासविषयाचे स्थान त्याने दिले.

परंतु अंधुक चित्रे स्पष्ट दिसावीत म्हणून नकलकारांनी त्यांवर रोगण चढविले, ही या उद्योगाची काळी बाजू होय. अजिंठ्याचे चित्रण ओल्या चुन्यावरील नव्हे. खडकावर तूस व वनस्पतींचे तंतू मिसळलेल्या मातीचा गिलावा, त्यावर पातळ पांढरा लेप, आणि तो वाळल्यावर बंधकद्रव्यात कालविलेले रंग, अशी त्याची घडण आहे. असा सच्छिद्र पृष्ठभाग रोगणाने बुजतो. रोगण कालांतराने पिवळे पडते आणि धूळ व काजळी धरून ठेवते. क्षणभर उजळलेले चित्र कायमचे झाकोळते.

ही चूक एकट्या ग्रिफिथ्स यांची नव्हे. निजाम सरकारने पाचारण केलेल्या लोरेंझो चेकोनी या इटालियन तज्ज्ञांनी १९२०–२२ मध्ये सुटू लागलेला गिलावा सावरला, हे उपकारक कार्य होय. परंतु त्यांनीही लाखेचे रोगण वापरले. ते थर काढण्यात पुढे पुरातत्त्व खात्याच्या रसायनज्ञांचे दीर्घ परिश्रम खर्ची पडले. याउलट गुलाम याझदानी यांचे १९३० ते १९५५ या काळात प्रसिद्ध झालेले चार भाग छायाचित्रणावर आधारलेले असून भिंतीला न दुखविताही नोंद करता येते, हे त्यांनी दाखवून दिले.

सारांश, ग्रिफिथ्स यांचा ग्रंथ नोंद म्हणून श्रेष्ठ आणि जतनाचा धडा म्हणून सावधगिरीचा आहे. नक्कल मूळ वस्तूची जागा घेत नाही. जो उपचार मागे घेता येत नाही, तो करण्याचा अधिकार कोणत्याही पिढीस नाही. कारण त्याची किंमत पुढील पिढ्यांना मोजावी लागते.