‘पळपुटा’ : एका विशेषणाची चिकित्सा

दुसऱ्या बाजीरावाच्या नावामागे ‘पळपुटा’ हे विशेषण मराठीत इतके रूढ झाले आहे की, तो नावाचाच भाग वाटावा. हयातीत त्यास ‘रावबाजी’ म्हणत. ‘थोरला बाजीराव’ या प्रयोगाच्या जोडीस ‘धाकटा’ हे पद यावयाचे; त्या जागी हे दूषण येऊन बसले. दोघे समाननामक पुरुष वेगळे ओळखण्याची सोय त्याने होते आणि म्हणूनच ते टिकून राहिले, असे प्रस्तुत लेखकास वाटते. ना. सं. इनामदार यांच्या ‘मंत्रावेगळा’ने या पुरुषाकडे सहानुभूतीने पाहिले खरे, पण रूढ शब्द हलला नाही.

‘रडका’, ‘लाजरा’, ‘चिडका’ या विशेषणांप्रमाणे ‘पळपुटा’ हेही स्वभाववाचक होय. ‘पळाला’ हे क्रियापद घटना सांगते. घटनेस स्थळ, काळ व कारण विचारता येते. स्वभावास यांपैकी काहीच विचारावे लागत नाही. अभ्यासकाची फसगत होते ती येथे.

वस्तुतः पलायने दोन, आणि ती भिन्न जातीची आहेत. 25 ऑक्टोबर 1802 रोजी यशवंतराव होळकराने पुण्यानजीक विजय मिळविला, तेव्हा पेशवा जीव वाचविण्यासाठी निघाला, तो अखेरीस वसईस पोहोचला. 5 नोव्हेंबर 1817 च्या खडकीच्या लढाईनंतर मात्र तो सैन्यासह निघाला व 3 जून 1818 रोजी माल्कमच्या स्वाधीन होईपर्यंत सुमारे सात महिने इंग्रजांस चुकवीत राहिला. 1689 मध्ये राजारामाने रायगड सोडला, त्यास आपण ‘जिंजीचा प्रवास’ म्हणतो. (राजारामाच्या जाण्यामागे योजना होती, आष्टीस बापू गोखले पडल्यावर बाजीरावाच्या हालचालींत ती दिसत नाही, हा भेद नाकारण्याचे कारण नाही.)

याच 1689 मध्ये लंडनला असाच शब्दवाद झाला. दुसरा जेम्स राजा आदल्या डिसेंबरात फ्रान्सला निसटला होता. त्याने ‘राज्यत्याग’ केला, असे कनिष्ठ सभागृह म्हणे. वरिष्ठ सभागृहास ‘सोडून गेला’ एवढेच शब्द हवे होते. सिंहासन रिक्त ठरणे पहिल्या शब्दावर अवलंबून होते, म्हणून उभय पक्षांनी त्यावर दिवस घालविले आणि अखेर तोच राहिला. तेथे पलायनाचा अर्थ वाद घालून ठरविला गेला. आपल्याकडे टोपणनावाने निकाल दिला आणि प्रकरण मिटले.

परिणामी दोषाचे स्थान चुकले. 1801 मध्ये विठोजी होळकरास हत्तीच्या पायी देवविले, तेव्हा बाजीराव पुण्यातच होता. यशवंतरावाचे वैर त्यातून पेटले. 31 डिसेंबर 1802 चा वसईचा तह हेही पळण्याचे कृत्य नव्हे. त्या तहाने पेशव्याने किमान सहा हजार इंग्रजी पायदळ पदरी घेतले, त्याच्या खर्चासाठी सव्वीस लाखांचा मुलूख तोडून दिला आणि परराज्यांशी बोलणे कंपनीच्या संमतीवर सोपविले.