प्रेक्षकांत बसलेला मूळ नट

८ ऑगस्ट २०१७, मंगळवारची संध्याकाळ. न्यूयॉर्कच्या ऑगस्ट विल्सन थिएटरमध्ये ‘ग्राउंडहॉग डे’ या म्युझिकलचा प्रयोग आहे आणि प्रेक्षकांत बिल मरे बसलाय. १९९३ च्या मूळ चित्रपटाचा नायक. बरोबर त्याचा भाऊ ब्रायन डॉयल-मरे, ज्यानं चित्रपटात गावच्या मेयरचं काम केलं होतं. आणि डॅनी रुबिन, ज्याला ही गोष्ट मुळात सुचली आणि ज्यानं म्युझिकलची संहिताही लिहिली. मरे प्रयोग बघताना रडला. बरं, तेवढ्यावर थांबला नाही. बुधवारी रात्री तो पुन्हा तोच प्रयोग बघायला आला.

तुमच्यापैकी काही जण हसले, म्हणजे त्यांनी चित्रपट बघितलाय. इतरांसाठी सांगतो. टीव्हीवर हवामान सांगणारा फिल कॉनर्स नावाचा एक तुसडा माणूस एका छोट्या गावात वार्तांकनाला जातो आणि २ फेब्रुवारी या एकाच दिवसात अडकतो. रोज सकाळी सहाला गजर होतो, आणि पुन्हा तोच दिवस. त्या फिलचं काम केलेला नट लागोपाठ दोन दिवस तेच नाटक बघायला जातो म्हटल्यावर वर्तमानपत्रांना आणखी काय पाहिजे? बातमी झाली, फोटो आले. नाटक कसं होतं, हा मुद्दा मागे पडला. माझी तक्रार इथून सुरू होते. मूळ नट येऊन गेला, खूश झाला, म्हणजे प्रमाणपत्र मिळालं, असं आपण धरून चालतो. समीक्षकसुद्धा धरतात.

पण तो नट तिथे काय बघत असतो, याचा जरा विचार करा. आपल्याकडे रंगभूमीवर भूमिका हातोहात पुढे जाते. ‘कट्यार काळजात घुसली’मधले खाँसाहेब १९६७ साली वसंतराव देशपांडे यांनी उभे केले, पुढे त्यांचे नातू राहुल देशपांडे यांनी ते रंगमंचावर केले, २०१५ च्या चित्रपटात चेहरा सचिन पिळगांवकरांचा आणि गाणं राहुल यांचं. वसंतरावांची आठवण निघतेच, पण भूमिका त्यांच्यापाशी अडकून पडली नाही. सिनेमात नेमकं उलटं होतं. फिल कॉनर्स म्हणजे बिल मरेचा चेहरा, कायमचा. त्यामुळे दुसरा कुणी ती भूमिका जगताना बघण्याची वेळ सिनेनटावर सहसा येत नाही. ती म्युझिकलमध्ये येते. म्हणून माझ्या मते मूळ नट प्रेक्षकांत बसतो तेव्हा परीक्षा त्या नाटकाची असते. त्याला स्वतःची नक्कल दिसते, की चित्रपटानं न दाखवलेलं काही दिसतं?

‘ग्राउंडहॉग डे’च्या बाबतीत दुसरं घडलं असावं असं मला वाटतं, आणि त्याचं कारण नाटकातच आहे. चित्रपटात नॅन्सी नावाची एक मुलगी आहे. फिल एक दिवस तिची शाळा, तिच्या बाईंचं नाव विचारून घेतो आणि ‘दुसऱ्या’ दिवशी जुनी ओळख असल्याचं सोंग आणून तिला पटवतो. आपण हसतो, आणि चित्रपट तिला विसरून पुढे जातो. म्युझिकलचा दुसरा अंक उघडतो तोच या नॅन्सीच्या गाण्यानं. दुसऱ्याच्या गोष्टीत आपल्या वाट्याला कायम एवढीशीच जागा का, हे ती गाते. टिम मिंचिननं ही एक जागा अशी पकडलीय, की तिथे बसलेल्या कुणालाही मूळ विनोद आता तसाच आठवता येणार नाही. नेडचंही तसंच. रोज सकाळी फिलला रस्त्यात गाठणारा तो चिकट विमा एजंट, चित्रपटात फिलचा ठोसा खातो आणि हशा मिळवतो. रंगमंचावर त्याच्या तोंडी मृत्यूचं गाणं आहे. विमा विकणारा माणूस रोज मरणाबद्दलच बोलत असतो की! हे चित्रपटात कुणाच्या लक्षात आलं नव्हतं.

इथे एक जुनी गोष्ट सांगायला हवी. चित्रपट करताना मरेला तो जास्त चिंतनशील हवा होता, दिग्दर्शक हॅरॉल्ड रॅमिसला विनोदी. त्यावरून दोघांचं इतकं फाटलं की दोन जुन्या मित्रांनी पुढे जवळपास वीस वर्षं बोलणं टाकलं. रॅमिस आजारी पडल्यावर मरे त्याला भेटून आला. २०१४ मध्ये रॅमिस गेला. तीन वर्षांनी मरे त्या खुर्चीत बसला, तेव्हा त्याला हवा होता तो गंभीर ‘ग्राउंडहॉग डे’ समोर चालू होता, आणि ज्याच्याशी त्यावरून भांडला तो माणूस नव्हता. ते अश्रू कशाचे, मी ठरवणार नाही. पण त्यावरून नाटकाला मार्क देणाऱ्यांनी जरा दमानं घ्यावं.

आता दुसरी संध्याकाळ. २ ऑगस्ट २०१८, नेडरलँडर थिएटर. ‘प्रिटी वुमन’च्या म्युझिकलचा प्रयोग, दिग्दर्शक गॅरी मार्शलच्या स्मरणार्थ, आणि प्रेक्षकांत ज्युलिया रॉबर्ट्स. प्रसंग हृद्य होता, नाही म्हणत नाही. पण हे म्युझिकल १९९० च्या चित्रपटाच्या पावलावर पाऊल टाकत जातं. तो लाल गाऊनसुद्धा येतो. चित्रपटातला दागिन्यांच्या डबीचा क्षण आठवा. रिचर्ड गिअर झाकण फटकन मिटतो आणि रॉबर्ट्स खळखळून हसते. ते हसू संहितेत नव्हतं, ऐन वेळी फुटलं होतं. असं हसू आठवड्याला आठ प्रयोगांत कुठून आणणार? समँथा बार्क्स चांगली गाते, पण चित्रपट आठवणाऱ्यांपुढे तिला दुसऱ्याच्या हसण्याशी सामना करावा लागतो. आणि त्या रात्री ते हसणारी बाई समोरच बसलेली! अशा वेळी लोक रंगमंच बघणार, की मान वळवून तिला? नाटकानं चित्रपटाशी भांडण काढलं नाही की असं होतं.

या दोन्ही संध्याकाळींना जोडणारा एक माणूस आहे, बातम्यांत कोपऱ्यात राहिलेला. अँडी कार्ल. २०१४ मध्ये ब्रॉडवेवर तो रॉकी होता, म्हणजे सिल्व्हेस्टर स्टॅलोनच्या जागी. नंतर फिल कॉनर्स, मरेच्या जागी. ‘ग्राउंडहॉग डे’च्या उद्घाटनाच्या तीन दिवस आधी प्रयोगातच त्याचा गुडघा दुखावला. त्यानं काठीच्या आधारानं तो प्रयोग संपवला आणि उद्घाटनाला गुडघ्यावर पट्टा बांधून उभा राहिला. लंडनच्या प्रयोगांसाठी त्याला ऑलिव्हिए पुरस्कार मिळालेला. तरीही मरेच्या दोन भेटींनंतर सहाच आठवड्यांत, १७ सप्टेंबरला, ते नाटक ब्रॉडवेवरून उतरलं. आणि पुढच्या ऑगस्टमध्ये रॉबर्ट्स समोर बसली होती तेव्हा रंगमंचावर एडवर्ड लुइस, म्हणजे गिअरची भूमिका, तोच कार्ल करत होता.