मूळ भाग आणि मूळ बंदूक

जुन्या लष्करी बंदुकांचे अस्सल सुटे भाग मिळवून अपुऱ्या बंदुका पूर्ण करण्याचा प्रघात संग्राहकांत रूढ आहे. २००३ सालीं काठमांडूच्या लगन सिलेखान्यांतील शस्त्रसांठा अमेरिकन व्यापाऱ्यांनीं विकत घेतल्यावर पथरकल्यांपासून मार्टिनी-हेन्रीपर्यंतच्या बंदुका व त्यांचे भाग विपुल मिळूं लागले आणि या प्रघातास नवें बळ आलें. ‘भाग अस्सल, म्हणून बंदूकहि अस्सल’ हें त्याचें गृहीतकृत्य आहे. तें आम्हांस मान्य नाहीं. दोन अस्सल पत्रांचे तुकडे चिकटवून तिसरें अस्सल पत्र होत नाहीं, हें या त्रैमासिकाच्या वाचकांस सांगावयास नको.

ईस्ट इंडिया कंपनीची ‘इंडिया पॅटर्न’ बंदूक उदाहरणादाखल घेऊं. हिची नळी ३९ इंच लांब व तोंडाचा व्यास सुमारें पाऊण इंच. घोडा, कमानी वगैरे कळीचे भाग कानशीनें घांसून एकमेकांस बसवीत व ते मिसळूं नयेत म्हणून कारागीर आंतून बारीक रेघांच्या खुणा करीत. कोणताहि भाग कोणत्याहि बंदुकीस बसावा ही सोय इंग्लंडांत एनफील्डच्या सरकारी कारखान्यांत अमेरिकन यंत्रें आल्यावर, म्हणजे १८५० च्या पुढील दशकांत झाली. तेव्हां पथरकल्यास परका घोडा बसवावयाचा तर बहुधा कांहींतरी घांसावें लागतें, आणि घांसलेल्या ठिकाणचा पुरावा कायमचा जातो.

हा पुरावा क्षुल्लक नव्हे. कळीच्या पट्टीवर कंपनीचें हृदयाकृति चिन्ह सुमारें १८०८ पर्यंत आढळतें. पुढें तेथें सिंह आला. हंसाच्या मानेसारखा बांकदार घोडा जाऊन मध्यें कडें असलेला बळकट घोडा इंग्रजी बंदुकांवर १८०९ च्या सुमारास आला. आतां हृदयाकृति चिन्हाच्या पट्टीवर कड्याचा घोडा दिसला कीं संग्राहक तो ‘चुकीचा’ ठरवितात व जुन्या आकाराचा अस्सल घोडा शोधून बसवितात. वस्तुतः पहिला घोडा मोहिमेंत मोडल्यामुळें शिलेखान्यांत दुसरा बसविला असणें शक्य आहे. तसें असल्यास या सुधारणेनें बंदुकीच्या चरित्रांतील एक पानच फाडलें जातें. १८४० नंतर पुष्कळ पथरकले टोपीच्या बंदुकांत बदलण्यांत आले. त्यांस पुन्हां गारगोटीचा घोडा व रंजकाचा पेला चढवून अधिक किंमतीस विकण्याची चाल तर उघडच दोषार्ह आहे.

शिलेखान्यांतहि भाग बदलत, मग आम्हीं बदलल्यास काय बिघडलें, असा आक्षेप निघेल. आमचें उत्तर असें कीं, बंदूक शिपायाच्या हातीं असतां झालेला बदल हा तिचा इतिहास होय; तदनंतर आपण केलेला बदल ही त्या इतिहासावरील आपली टीप होय. टीप मूळ मजकुरांत मिसळूं नये.

आपल्याकडे हा प्रश्न अधिक नाजूक आहे. शिंद्यांच्या कंपूंसाठीं आग्र्यास सँग्स्टर नांवाच्या स्कॉच गृहस्थाच्या देखरेखीखालीं विलायती धर्तीच्या बंदुका तयार होत. अशा बंदुकींतील देशी हातची कमान किंवा मळसूत्री खिळा हलका म्हणून काढून त्याजागीं लंडनचा माल बसविला, तर ज्या कारागिरांचीं नांवेंहि उरलीं नाहींत त्यांचा उरलासुरला पुरावा आपणच नष्ट करूं.

सुटे भाग जमवूंच नयेत, असें आमचें म्हणणें नाहीं. जो भाग अजीबात नाहीं त्याचे जागीं नव्या ओतकामापेक्षां अस्सल भाग बरा. आणि सुटे भाग शेजारीं ठेवून ताडून पाहिल्यास कालनिर्णयास मोठें साहाय्य होतें. परंतु मूळ भाग घांसूं नये. काढलेला भाग बंदुकीसोबतच जपावा. घातलेल्या भागावर आंतील अंगास सालाची खूण करावी. आणि विक्रीच्या वेळीं ही सर्व हकीकत लेखी द्यावी. ज्या बंदुकीच्या जोडणीची अशी नोंद नाहीं तिला दिवाणखान्यांत खुशाल जागा मिळो. पुराव्यांत ती मिळूं नये.