'८½': ठरण्याआधी सुरू झालेलं काम

डोक्यात कल्पना मावत नाहीत आणि हातून एक ओळ उतरत नाही, या अवस्थेवर आज बोलायचंय. त्यासाठी फेडेरिको फेलिनीचा १९६३ सालचा '८½' हा सिनेमा घेऊ. नाव म्हणजे निव्वळ हिशेब आहे. आधीचे सहा पूर्ण सिनेमे, दोन छोटे भाग मिळून एक, भागीदारीतला अर्धा, झाले साडेसात. हा पुढचा.

गुइदो हा दिग्दर्शक. भूमिका मार्चेल्लो मास्त्रोयान्नीची. सेट म्हणून अवाढव्य मनोरा उभा राहिलाय, नटनट्या भूमिका विचारतायत, निर्माता घाई करतोय. आणि गुइदोला सिनेमा काय आहे हेच सुचत नाहीये. पहिल्याच दृश्यात तो वाहनांच्या कोंडीत गुदमरतो, गाडीतून निसटून आकाशात उडतो, तर पायाला दोरी! आता बघा, याला कल्पनांची टंचाई नाही. बालपण, बायको, प्रेयसी, धर्म, सगळंच त्याला एका सिनेमात बसवायचंय. म्हणून तो काहीच टाकत नाही आणि काहीच निवडत नाही.

याबद्दल नेहमी म्हटलं जातं की फेलिनीनं गोंधळाचीच कला केली. मला हे अर्धंच पटतं. गोंधळ गुइदोचा आहे. सिनेमा फार नेटका आहे. फेलिनीनं स्वतः सांगितलेली हकिकत आहे: सिनेमा सोडतो, असं पत्र तो निर्मात्याला लिहीत होता. तेवढ्यात स्टुडिओतल्या एका कामगाराच्या वाढदिवसाचं बोलावणं आलं. सगळ्यांनी नव्या सिनेमासाठी प्याले उंचावले. तो ओशाळला, आणि मग त्याला सुचलं की काय करायचं ते विसरलेला दिग्दर्शक हाच विषय. म्हणजे उत्तर सापडलं नाही. जिथे अडलो होतो तीच जागा त्यानं विषय म्हणून धरली, आणि बाकीचं त्या एका खुंटीला टांगलं.

शेवटाकडे दोमिए नावाचा समीक्षक गुइदोला शाबासकी देतो: सोडलंस ते बरं केलंस, जगात आधीच पसारा फार आहे. ऐकायला हे अगदी शहाणपणाचं वाटतं! आमच्या समीक्षकांच्या जमातीनं ते जपून ऐकावं. कारण त्याच वेळी जादूगार येऊन सांगतो की आम्ही तयार आहोत. गुइदो कर्णा उचलतो आणि माणसांना जागा दाखवू लागतो. अर्थ अजून ठरलेला नाही. कोणी कुठून यायचं, एवढंच ठरतंय. सुरुवात ती एवढीच.

एक आक्षेप मात्र नोंदवतो. पत्नी लुइझा, जिला त्यानं इतकं दुखावलं, ती 'प्रयत्न करीन' एवढंच म्हणते आणि फेरात येते. तिचा हिशेब सिनेमा मिटवून टाकतो. कलावंताला मोकळं व्हायला दुसऱ्यानं किंमत मोजायची, हे मला मान्य नाही.

आणि हा शेवट? आधी चित्रित झाला होता तो आगगाडीतला, वेगळाच शेवट. हा फेर जाहिरातीसाठी घेतला होता, पुढे तोच शेवट म्हणून ठेवला. म्हणजे शेवट काय, हेसुद्धा काम चालू असताना कळलं. आधी सगळं ठरवून मग बसू म्हणणाऱ्यांनी एवढं ध्यानात ठेवावं.