'स्थळ' आणि माणूस

माणसाला जागेचे नाव देण्याची किमया आपल्या मराठीने केली आहे. विवाहासाठी पाहिलेल्या मुलाला वा मुलीला आपण 'स्थळ' म्हणतो, आणि नोकरी कायम आहे काय, जागा स्वतःची आहे काय, या दोन प्रश्नांवरच पुष्कळदा ते चांगले की वाईट हे ठरते. धर्मग्रामातील तरुण मंडळींना हे प्रश्न क्षुद्र वाटतात. आईवडिलांना ते न विचारणे म्हणजे मुलीला विहिरीत लोटणे वाटते. हा वाद सर्वांत प्रामाणिकपणे मांडणारी कादंबरी, आमच्या मते, इंग्लंडमधील एका धर्मोपदेशकाच्या कन्येने लिहिली आहे. जेन ऑस्टिनची 'प्राइड अँड प्रेज्युडिस' १८१३ साली लेखिकेचे नाव न छापता प्रसिद्ध झाली. ती प्रेमकथा म्हणून वाचली जाते. आम्ही ती 'स्थळां'ची कथा म्हणून वाचतो.

या कादंबरीत प्रत्येक उपवर पुरुष आपल्या आकड्यासह प्रवेश करतो. बिंगली म्हणजे वर्षाला चार-पाच हजार पौंड, डार्सी म्हणजे दहा हजार. उलट बेनेट कुटुंबातील पाच बहिणींच्या वाट्याला प्रत्येकी हजार पौंडांची पुंजी, आणि वडिलांच्या पश्चात राहते घरही पुरुष वारस म्हणून कॉलिन्स या नातलगाकडे जाणार. अशा घरातील आईला मुलांच्या मिळकतीचा ध्यास लागावा यात नवल नाही. लेखिका तिला मनसोक्त हसते. मात्र तिची भीती खोटी आहे असे कोठेही म्हणत नाही.

कॉलिन्स हा अँग्लिकन पाळक, म्हणून संसारास मोकळा. (आम्हां धर्मगुरूंनी तो अधूनमधून वाचावा, आरशाचे काम करतो.) एलिझाबेथ बेनेटला मागणी घालताना तो प्रेमाच्या आधी कारणांची यादी सांगतो, आणि त्या यादीत आश्रयदात्री लेडी कॅथरिनचा सल्लाही असतो. एलिझाबेथ त्याला नकार देते. दोन-तीन दिवसांतच तिची सत्तावीस वर्षांची मैत्रीण शार्लट ल्यूकस त्याच माणसाला होकार देते. तिला हवे असते सुखाचे घर, आणि ते त्याच्यापाशी आहे हे ती लपवीत नाही.

शार्लटला लोभी म्हणून सोडून देणारे वाचक पुढची हन्सफर्डची प्रकरणे घाईने वाचतात, असे आम्हांस वाटते. तेथे कॉलिन्स पाहुण्यांना घरातील फडताळापासून चुलीच्या कठड्यापर्यंत सारे दाखवतो, लेडी कॅथरिनच्या वाड्याच्या खिडक्या मोजून त्यांच्या काचांचा खर्च सांगतो. शार्लट त्याला बागकामाचे प्रोत्साहन देते, म्हणजे तो घराबाहेर राहील. स्वतःच्या बैठकीसाठी तिने मागची खोली निवडली आहे. पुढची खोली अधिक चांगली, पण तेथे नवरा वरचेवर येऊन बसला असता. घर मिळाले, आणि त्या घरात नवऱ्यापासून दूर बसण्यासाठी एक खोली शोधावी लागली! लेखिका यावर भाष्य करीत नाही. करण्याची गरजही नाही.

तरीही शार्लटला दोष देणाऱ्या एलिझाबेथचे माप सारखे नाही. देखणा, गोडबोल्या विकहॅम दहा हजार पौंडांची वारस असलेल्या मुलीमागे लागतो, तेव्हा ती त्याला सहज क्षमा करते. त्याचा धंदा काय, पूर्वी कोठे राहिला, कोणाचे देणे लागतो, हे तिने विचारलेलेच नसते. पुढे तोच तिच्या धाकट्या बहिणीला घेऊन पळतो. प्रश्न न विचारणे म्हणजेच शुद्ध प्रेम, असे मानणाऱ्या तरुणांनी विकहॅमपाशी थोडे थांबावे.

सर वॉल्टर स्कॉट यांनी लेखिकेच्या 'एमा'वर लिहिताना एलिझाबेथला चिमटा काढला होता : डार्सीचे सुंदर घर पाहीपर्यंत आपला नकार मूर्खपणाचा होता हे तिला उमगले नाही! हा विनोद चांगला असला तरी न्याय्य नाही. हन्सफर्डला तिने डार्सीला झिडकारले तेव्हा त्याचे दहा हजार तिला ठाऊक होतेच. पेंबर्लीला नवे कळते ते वेगळे. घरची जुनी कारभारीण सांगते की मालक चार वर्षांचा असल्यापासून तिने त्याच्या तोंडून वाकडा शब्द ऐकला नाही. कुळांचा आणि नोकरांचा त्याच्याइतका चांगला धनी नाही. घर केवढे आहे याहून त्या घरात आश्रित कसे राहतात, हा प्रश्न तिला तेथे सुचतो. या घराची आपण मालकीण झालो असतो, हा विचारही तिच्या मनात येतो, आणि लेखिका तो झाकत नाही.

आणि परीक्षा दोन्ही बाजूंनी होते. एलिझाबेथचे मामा गार्डिनर लंडनमधील व्यापारी. आपल्या वखारींच्या नजरेच्या टप्प्यात राहतात. बिंगलीच्या बहिणींनी या पत्त्याची टिंगल केली होती. त्यांची स्वतःची संपत्ती व्यापारातूनच आली होती, हे त्या सोयीने विसरतात. असल्या नात्यामुळे मुलींना प्रतिष्ठित वर मिळणे अवघड, असे तेव्हा डार्सीही म्हणाला होता. तोच डार्सी पेंबर्लीला मामांना आपल्या ओढ्यात मासे धरण्याचे आमंत्रण देतो. आमच्या मते कादंबरीचा खरा कळस हाच आहे.

एक तक्रार मात्र उरते. ज्याचा स्वभाव चांगला ठरला त्याचेच घर सर्वांत मोठे निघावे, ही सोय लेखिकेने नायिकेला करून दिली. डार्सी वखारीशेजारी राहणारा असता तर? उत्तर बहुधा गार्डिनर दांपत्यातच आहे. कादंबरीतील सर्वांत समंजस संसार त्यांचा. पण तो कडेला राहतो.

लेखिकेला स्वतःला ही सोय मिळाली नाही. डिसेंबर १८०२ मध्ये मॅनीडाऊन या मोठ्या वाड्याच्या वारसाने तिला मागणी घातली. तिने संध्याकाळी होकार दिला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तो मागे घेतला. १८०५ मध्ये वडील वारले. त्यानंतर आई आणि दोघी बहिणींनी भावांच्या मदतीवर, बिऱ्हाडे बदलत दिवस काढले. १८०९ मध्ये एका भावाने चॉटन येथे लहानसे घर दिले. तेथूनच ही कादंबरी छापावयास गेली. मॅनीडाऊनची ती मागणी आली तेव्हा लेखिकेला सत्तावीस पूर्ण होण्यास पुरते दोन आठवडेच उरले होते.